गिलकी थांबत नाही

हिशेबापुरती आले होते.
धापूबाईच्या सुनेचे दिवस भरत आलेले,
मुलगा बनेसिंग पीथमपूरच्या कारखान्यात,
वहीत लिहायला कोणी नाही.
शाळेला सुट्टी होती. इंदूरच्या घरी
कूलर आणि मी, दोघंच घरघरत होतो.
म्हटलं, वैशाखभर येते तिल्लोरला.

वही दोन दिवस स्वच्छ राहिली.
तिसऱ्या पहाटे हातात मोजे आले,
कुणाच्या तरी गणवेशातले, पांढरे, अंगठ्याला भोक.
भेंडी चावते, धापू म्हणाली. हातात घाल.
भेंडी खरंच चावते.
इतकी वर्षं पिशवीतून आणली,
कधी कळू दिलं नव्हतं.

माझ्या आईचं घोसाळं इथे गिलकी,
तिचा दोडका तुरई.
कोथिंबीर म्हटलं की धापू हसते :
एवढ्याशा पानाला एवढं लांब नाव!

लाइट रात्री अकराला येते.
मोटर धडधडली की उठायचं,
टॉर्च दातांत धरून ठिबकच्या नळ्या चालत जायच्या.
क्षारानं मिटलेली तोंडं टाचणीनं उघडायची, एकेक,
औषध नको म्हणणाऱ्या पोरांची उघडतात तशी.
कुंपणापलीकडे रोजडे उभे. डोळे हिरवे.
त्यांना भिववायला माझी साडी तारेला बांधली,
मोरपंखी, बदलीच्या निरोप समारंभातली.
सकाळी पाहिलं तर पदर नव्हता.
खाल्ला की नेसला, देव जाणे.

वांगं एखाद-दोन दिवस वाट बघतं.
काकडीही जरा ऐकून घेते.
गिलकी थांबत नाही.
आज बोटभर, परवा वीतभर,
तेरवा जून. मग तिला कोणी विचारत नाही.
मांडवाखाली मान वर करून तोडत राहायचं,
कानात मुंग्या, डोळ्यांत परागकण,
आणि लू अशी, की ओला पंचा
ओळ संपेपर्यंत पापड.

आखातीजेच्या आदल्या दिवशी चोइथराम मंडीत
अठ्ठावीस रुपये किलो.
आकडा मी दोनदा गिरवला.
पुढच्या हप्त्यात सगळ्या गावांच्या वेलींना एकदम आठवण झाली.
सात. मग पाच.
इकरामनं टेम्पोचं भाडं मागितलं नाही,
नुसता आरसा पुसत राहिला.
धापूनं त्याला भाडं दिलं, वर काकड्या दिल्या.
लिही, म्हणाली. काकड्या नको लिहू.

एकदा दुपारी, झाडाखाली क्रेट उलटं घालून,
तिला विचारलं तुझ्या नावाचं.
चौथी मुलगी मी. बाप म्हणाला, धापलो.
पोट भरलं, आता पुरे. म्हणून धापू.
मग?
मग पाचवी झाली.
पुरेच्या पुढचं नाव कुणाला सुचेना,
दोन वर्षं ती नुसती छोटी होती.
सांवेरला नर्स आहे आता.
तीच येणार रेशमच्या वेळेला.

ती आली, मोपेडवर, रात्री, लाइट यायच्या जरा आधी.
मी वाफ्यात होते. मोटरच्या आवाजात
रडणं कुठलं आणि टिटवी कुठली, कळलं नाही.
पहाटे धापू मांडवाखाली नेहमीच्या जागी.
मुलगी, म्हणाली, हात न थांबवता.
नाव?
ठेवू की. आत्ता वेळ कुणाला आहे!

शेवटच्या दिवशी सातव्या ओळीत
पानामागे एक सापडली.
पहिल्या आठवड्यात मीच सोडलेली असणार.
वाळून तपकिरी, कागदासारखी हलकी.
लपवावी वाटली. तीस दिवसांची चूक, हातभर लांब.
हलवली. आत काळ्या बिया वाजल्या.

धापूनं ती हातातून घेतली,
कानाशी धरली, पुन्हा वाजवली,
आणि अर्धी ओळ तशीच टाकून
घराकडे निघाली, झपाझप, खुळखुळ करत.

उरलेली ओळ मी तोडली.
दहाची बस गेली असावी.